तिथे अक्षरं नकोत

"थांबा, नाव येतंय," टायटलराव म्हणाला आणि त्याने खरोखरच श्वास रोखला.

मालक त्याच्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी भली मोठी जांभई दिली. पडद्यावर आधी नुसता काळोख होता, मग त्यात नवरीचं नाव यायला लागलं. एकदम नाही, एकेक अक्षर. नवं अक्षर आलं की आधीची जरा सरकून त्याला जागा करून देत होती. शेवटचं अक्षर थोडं पुढे गेलं, अदबीने मागे आलं आणि आपल्या जागी उभं राहिलं.

"झालं?" मालकांनी विचारलं.

"बघितलंत का? शेवटी किंचित मागे आलं ते?"

"अरे बाबा, ज्यांचं लग्न आहे त्यांना आज मागचं-पुढचं काही दिसत नाही. तयार टेम्प्लेट टाक आणि मोकळा हो. संध्याकाळी पार्टी व्हिडिओ न्यायला येतेय."

टायटलराव हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. तो लग्नाच्या व्हिडिओंची टायटलं करायचा, म्हणून ते मालकांनी ठेवलं होतं आणि आता गिऱ्हाइकंसुद्धा त्याच नावाने हाक मारायची. स्टुडिओत तो आला तेव्हा लग्नाच्या हॉलमध्ये दिव्यांच्या वायरी ओढायचा. मग केव्हातरी कॉम्प्युटरवर बसला आणि एका नावाला चालवण्याची युक्ती शिकला. अक्षर आत्ता इथे आहे असं सांगायचं. जरा वेळाने ते तिथे असेल असं सांगायचं. मधली चाल यंत्र आपली आपण भरून काढतं. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी त्याच्या तोंडात दिवसभर घास गेला नव्हता. दोन ठिकाणं सांगितली की मधला रस्ता आपोआप तयार होतो, म्हणजे काय चेष्टा आहे का?

आता त्याचे कानावरचे केस पांढरे झाले होते, पण ते आश्चर्य काही केल्या जुनं होत नव्हतं. चुकाही भरपूर झाल्या. एकदा अक्षरं सुटी सुटी पाठवायच्या नादात नवरदेवाच्या नावातला काना आधी येऊन ताटकळत उभा राहिला आणि अक्षराचा पत्ताच नाही. मालक म्हणाले, "कोट आला, नवरदेव कुठाय?" तेव्हापासून तो काना-मात्रा हाताने अक्षराला जखडून मगच त्यांना बाहेर सोडायचा.

घरात मात्र या कामाचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. बायको म्हणायची, "जगाची नावं नाचवतात, स्वतःच्या लाइट बिलावरचं नाव चुकलंय ते वर्षभर बदलून आणत नाहीत." आणि आई शेजारणींना सांगायची, "तो टीव्हीचं काहीतरी करतो."

आई हे ज्या आवाजात सांगायची तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. तिला ऐकू येत नव्हतं. बाबा निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी एका तापाचं निमित्त झालं आणि कान गेले ते गेलेच. मशीन लावून पाहिलं, त्यातून तिला फक्त घरघर ऐकू यायची. मग घरात पाटी आली. मुलगा आणि सून पाटीवर लिहायचे, आई वाचायची आणि मोठ्याने बोलायची. पाटीवर बोलणं आपोआप आखडतं. "औषध घेतलं?" "जेवायला चल." "बाहेर जातोय." हळूहळू आईशी होणारं सगळं बोलणं एवढ्यावरच आलं होतं.

बाबांनी मात्र पाटीला कधी हात लावला नाही. ते लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक. मुळातच मोजकं बोलायचे. आईचे कान गेल्यावर तिच्याशी बोलताना त्यांनी आवाजच बंद करून टाकला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून ते नुसते ओठ हलवायचे आणि आईला बरोब्बर कळायचं. कधी कधी दोघं असे समोरासमोर बसून खुसखुसायचे आणि घरात चिटपाखराचाही आवाज नसायचा. मुलाने एकदा तसं करून पाहिलं तर आई म्हणाली, "तू घास तोंडात ठेवून बोलतोस. मला यांचंच कळतं." बाबा गेले तेव्हा आईचे कान दुसऱ्यांदा गेले, असं टायटलरावला फार वाटायचं. पण पाटीवर असं काही लिहिता येत नाही.

आईच्या मनात एकच गोष्ट सलत होती आणि ती तिने कैकदा बोलून दाखवली होती. बाबांच्या निवृत्तीचा समारंभ कंपनीच्या कँटीनमध्ये झाला. ती पहिल्या रांगेत बसली होती. बाबा बोलायला उभे राहिले आणि त्यांनी माइक इतका तोंडाशी धरला की ओठ दिसेनात.

"सगळे हसले," आई सांगायची. "मग गप्प झाले. मग सगळेच्या सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला मेलं काही ठाऊक नाही! मी आपली खाली मान घालून पदराशी चाळा करत बसले. घरी येताना बसमध्ये विचारलं, काय बोललात? तर म्हणाले, आभार मानले, दुसरं काय. पण नंतर दोन दिवस माझ्याकडे असे बघत होते, जसं काही माझंच काहीतरी सांगायचं राहिलंय."

मुलगा त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात वायरी ओढत होता. त्यामुळे भाषण त्यानेही ऐकलं नव्हतं.

आणि नवरीचं नाव आणलं त्याच संध्याकाळी, पार्टी व्हिडिओ घेऊन गेल्यावर, बाबांचे जुने हेल्पर जिना चढून स्टुडिओत आले. बाबांबरोबर त्यांनी जन्मभर पाने-पकडी आणि तेलाचे डबे उचलले होते. त्यांनी खिशातून एक छोटी कॅमेऱ्याची कॅसेट काढून टेबलावर ठेवली.

"घर आवरताना सापडली. साहेबांचा सेंडऑफ. मीच काढला होता, कॅमेरा भाच्याचा होता. आमच्याकडे हे चालवायला काही नाही. तुझ्याकडे चालेल म्हणून आणली."

अशी कॅसेट चालवणारं एक जुनं यंत्र स्टुडिओच्या माळ्यावर धूळ खात पडलं होतं. टायटलरावने ते खाली काढलं, पुसलं, जोडलं आणि पडद्यावर बाबा उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, तेलकट नखं, तोंडाला चिकटलेला माइक. मालक हातातला चहा तसाच धरून मागे उभे राहिले आणि त्यांनी एकदाही जांभई दिली नाही.

घरी आल्यावर त्याने पाटी घेतली. लिहिलं, "बाबांचं भाषण सापडलं."

आई पाटीकडे बघतच राहिली. "कुठलं?" तिने विचारलं, पण तिला कळलं होतं.

भाषण एका पाटीत मावेना. तो लिहायचा, ती वाचायची, तो पुसायचा.

"मला बोलता येत नाही. लिफ्टलाही येत नाही, म्हणून आमचं जमलं."

आई हसली. "इथेच हसले सगळे!"

"लिफ्ट अडकली की आतली माणसं आरडाओरडा करतात. मी आधी पान्याला हात लावत नाही. दाराला तोंड लावतो आणि सांगतो, घाबरू नका, मी आलोय. भाषण म्हणून तेवढंच येतं मला."

आईने मान डोलावली. त्याने पुसलं आणि लिहिलं, "आता आमच्या हिला ऐकू येत नाही. मला वाटतं, ही आत आहे आणि मी दाराबाहेर. दार काही उघडत नाही. पण मी दार सोडून गेलेलो नाही."

तो पुसायला गेला तर आईने त्याचा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे पुसत होती. आईने ती ओळ पुन्हा वाचली, परत वाचली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र गोंधळ दिसायला लागला.

"हे ते म्हणाले?"

त्याने मान डोलावली.

"पण कसे म्हणाले? पाटीवर सगळं सारखंच दिसतं रे. 'औषध घे' लिहितोस तेही असंच, आणि हेही असंच. अक्षर तुझं आहे. यात ते कुठे आहेत?"

त्याने पाटीवरचं आपलं अक्षर पुन्हा पाहिलं. आणि मग एकाएकी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो इतक्या घाईने उठला की खडू जमिनीवर पडून त्याचे तुकडे झाले.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. नाव आणायचंय," तो म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी त्याने मालकांकडून स्टुडिओची किल्ली मागून घेतली आणि सकाळीच जाऊन बसला. पडद्याच्या खालच्या भागात बाबांचा आवाज एका लांब पट्टीवर पसरला होता. जिथे आवाज मोठा तिथे उंच टेकाड, जिथे बारीक तिथे उंचवटा, जिथे काहीच नाही तिथे सपाट रेघ. त्या टेकाडांवर बोट ठेवून तो एकेक शब्द मांडायला लागला.

"मला" हा शब्द बाबांनी घशातच अडकवला होता. त्याने तो फिकट आणला, अर्धाच, आणि मग जरा गडद केला. "बोलता येत नाही" हे त्यांनी एका दमात टाकून दिलं होतं, म्हणून ते तीन शब्द एकमेकांच्या पाठीवर आदळत आले. "लिफ्ट" म्हणताना त्यांच्या आवाजात ऐट होती, स्वतःच्या लेकीचं नाव घ्यावं तशी. तो शब्द जाड झाला आणि ताठ उभा राहिला. मध्ये बाबा खोकले. तिथे त्याने सगळी ओळ जागच्या जागी थरथरवली. "घाबरू नका" मोठ्याने नव्हतं, खोल होतं, दाराच्या फटीतून आत सोडल्यासारखं. त्यावर त्याने बराच वेळ घालवला. शेवटी ती अक्षरं खालून, अंधारातून, अगदी सावकाश वर आणली आणि थांबण्यापूर्वी त्यांचा वेग इतका कमी केला की ती नक्की कधी थांबली ते कळू नये.

आणि मग तो मागे रेलून बघायला लागला. आवाज त्याने मुद्दाम बंद केला होता. काही ऐकू येत नव्हतं आणि तरीही बाबा बोलत होते. त्याच अडखळण्याने, त्याच घाईने, त्याच खोकल्याने. इतकी वर्षं त्याने हजारो नावं आणली, त्यातलं एकही कधी बोललं नव्हतं. हे आपण केलं असं त्याला वाटेना. अक्षरांना हे आधीपासूनच येत होतं, फक्त कुणी त्यांना विचारलं नव्हतं, असं वाटलं.

शेवटाकडे एक लांब सपाट रेघ होती. "दार सोडून गेलेलो नाही" असं म्हणून बाबांनी माइक खाली घेतला होता आणि ते गप्प उभे होते. त्यानंतर एकदम "बस. आभारी आहे." कॅसेट पहिल्यांदा पाहतानाही टायटलरावने इथे मान फिरवली होती, कारण त्याचे डोळे भरून आले होते. आताही त्याने तिकडे नीट बघितलं नाही. धंद्यातली सवय अशी, की सपाट दिसलं की कापायचं. आणि वर मनात आलं, बाबा बोलता बोलता विसरले असं कुणाला वाटायला नको. त्याने ती रेघ कापून टाकली आणि दोन्ही टोकं जुळवली.

दुपारी तो आईला घेऊन आला. जिन्यावर ती दोनदा थांबली. स्टुडिओत आल्यावर तिने पडदे, दिवे, वायरी सगळं निरखून पाहिलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "इथे बसतोस होय तू! आणि मी म्हणत होते टीव्ही दुरुस्त करतोस."

त्याने तिला आपल्या खुर्चीत बसवलं. "थांब, नाव येतंय," असं तो सवयीने तोंडानेच म्हणाला आणि चालू केलं.

बाबा दिसले. "मला" आलं, फिकट, मग गडद. आईच्या चेहऱ्यावर आधी नुसतं कुतूहल होतं. मग ते तीन शब्द आदळत आले आणि तिने तोंडावर हात ठेवला. "लिफ्ट" ताठ उभी राहिली तेव्हा ती मोठ्याने हसली. ओळ थरथरली तशी ती म्हणाली, "खोकले! तो खोकला काही जायचा नाही त्यांचा." मुलगा पडद्याकडे बघतच नव्हता, तो आईकडे बघत होता. तिचे ओठ अक्षरांबरोबर हलत होते. त्याच जागी अडखळत होते, त्याच जागी घाई करत होते. तिच्या कानांत काहीही जात नव्हतं आणि ती ऐकत होती. हे डोळ्यांसमोर घडत असूनही त्याचा विश्वास बसत नव्हता.

"बस. आभारी आहे." संपलं.

आईने डोळे पुसले आणि मान हलवली. "कमी आहे."

त्याने हातानेच विचारलं, काय?

"इथे थांबले होते ते. दार सोडलं नाही म्हणाले, आणि मग थांबले. बराच वेळ. तेव्हाच तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं, बऱ्याच वेळाने वर बघितलं, तरी ते आपले माझ्याकडे बघत थांबलेलेच. तू ते कुठे घालवलंस?"

त्याला ओशाळल्यासारखं झालं. त्याने टेबलावरच्या कागदावर लिहिलं, "तिथे काही बोलले नाहीत. रिकामं होतं, म्हणून कापलं."

"रिकामं कसं असेल? मला दाखव."

त्याने कापलेला तुकडा परत जागेवर लावला आणि चालवला. बाबांनी माइक खाली घेतला. आता त्यांचं तोंड मोकळं दिसत होतं. खालच्या पट्टीवर रेघ सपाट होती, स्पीकर चालू केला असता तर त्यातून नुसती पंख्याची घरघर आली असती. आणि त्या सगळ्या शांततेत बाबांचे ओठ हलत होते. सावकाश, नीट, प्रत्येक शब्द सुटा करत. घरात, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून हलायचे तसे. मग ओठ मिटले आणि ते पहिल्या रांगेकडे बघत थांबले, उत्तराची वाट बघितल्यासारखे.

टायटलराव खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. आवाज नसताना शब्दांना बोलतं करणं त्याला आज कुठे जमलं होतं. आणि बाबांनी ते भर सभेत, त्याच्याआधी कितीतरी वर्षं, कसलंही यंत्र न वापरता करून ठेवलं होतं. ज्याला त्याने रिकामं म्हणून कापलं, तेच खरं भाषण होतं. बाकीचं सगळं कँटीनसाठी होतं.

आईने बोटाने खूण केली, पुन्हा. त्याने पुन्हा लावलं. तिने परत खूण केली.

शेवटी त्याने कागदावर लिहिलं, "काय म्हणाले? सांग, तेही आणतो. सगळ्यांत छान आणतो."

आईने तो कागद वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

"नको," ती म्हणाली. "तिथे अक्षरं नकोत. ते सगळ्यांना सांगायचं असतं तर त्यांनी माइक खाली कशाला घेतला असता?"

त्याने मान डोलावली. शब्दांची पट्टी त्याने त्या जागी मोकळी सोडली, खालची सपाट रेघ तशीच लांब ठेवली आणि काम सेव्ह केलं. मग कपाटातून चहाचे कप काढायला तो आतल्या छोट्या खोलीत गेला. त्याआधी आईने पुन्हा लावायला सांगितलं, ते त्याने लावून दिलं.

आतून त्याला पडद्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडलेला दिसत होता. शब्द येत होते, जात होते. मग उजेड स्थिर झाला, म्हणजे ती मोकळी जागा आली होती. आई खुर्चीत जरा पुढे सरकली. पदर नीट केला. त्या दिवशीसारखी मान तिने या वेळी खाली घातली नाही.

"नाही घाबरत हो मी," ती म्हणाली.

टायटलराव कप हातात धरून तसाच उभा राहिला. ऐकू येईनासं झाल्यापासून आईला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नव्हता. ती बोलली की खालच्या मजल्यावर कळायचं. पण हे वाक्य तिने इतक्या हळू म्हटलं होतं, की समोर बसलेल्या एकाच माणसाला ऐकू जावं.